विरजण आणि मासे

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस जूनच्या सुरुवातीला घर बघायला आला. सोफा, पलंग, पुस्तकांची सतरा खोकी असं सगळं त्याने टॅबलेटवर भराभर टिपून घेतलं. बैठकीच्या खोलीतल्या फिशटँकपाशी मात्र तो थांबला आणि मान हलवून म्हणाला, "रिकामी काच नेऊ. पाणी, झाडं, मासे, जिवंत असं काही आम्ही नेत नाही."

माझी नऊ वर्षांची लेक मनू सोफ्यामागे उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग हे पण मरणार का?"

त्या 'पण'ने माझ्या पोटात कालवलं. त्या 'पण'मागची गोष्ट घरात फक्त मला पूर्ण माहीत होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही एडिसनमधल्याच एका अपार्टमेंटमधून दुसऱ्या अपार्टमेंटमध्ये गेलो होतो. अंतर जेमतेम दोन मैल. तेव्हा आमच्याकडे दहा गॅलनचा छोटा टँक आणि त्यात आठ मासे होते. घर बदलायचं म्हणजे माझ्या अंगात दिवाळीची साफसफाई संचारते. सगळं हलवतोच आहोत तर टँकही लख्ख करू, असं मी ठरवलं. मासे एका पातेल्यात काढून ठेवले. जुनं पाणी सगळं ओतून दिलं. तळाचे खडे चाळणीत घेऊन नळाखाली धुतले. फिल्टरमधला स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता, तो गरम पाण्याच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळला. नव्या घरी ताजं पाणी भरलं, क्लोरीन मारायचे थेंब घातले, मासे सोडले. टँक असा चमकत होता की मी त्याचा फोटो काढून साताऱ्याला आईला पाठवला.

दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. आठवडा संपेपर्यंत आठही गेले. सात वर्षांची मनू रोज शाळेतून आली की दप्तर न उतरवता टँकपाशी जायची आणि किती उरले ते मोजायची. "आजारी होते गं ते," मी तिला सांगितलं. तोपर्यंत खरं कारण मलाही माहीत नव्हतं. पण पुढच्याच आठवड्यात कळलं, आणि कळल्यावरही मी माझं वाक्य बदललं नाही.

कारण साधं होतं. मासे पाण्यातच राहतात, पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून आणि त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो आणि तो त्यांना विष असतो. नदी किंवा तळं मोठं असतं, तिथे तो विरून जातो. काचेच्या डब्यात त्याची विल्हेवाट लावायला जिवाणू लागतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना थोड्या प्रमाणात चालतं, झाडं ते खातात आणि उरलेलं आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून काढतो. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून राहतात खड्यांना, लाकडाला आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजला. मी जी घाण म्हणून गरम पाण्याने पिळून काढली, तीच टँकची जान होती. नव्याने तयार व्हायला तिला महिना-दीड महिना लागतो.

हे वाचलं तेव्हा मला आठवलं ते विरजणाचं भांडं. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला विरजणाचं महत्त्व सांगायला नको. मी या देशात आले तेव्हा महिनाभर दुकानातल्या दह्याशी झटापट केली, मग मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका काकूंनी वाटीभर विरजण दिलं. तेव्हापासून तेच चालू आहे. गावाला जाताना मी ते शेजारणीकडे ठेवते. ते भांडं मी कधी शेवटच्या थेंबापर्यंत घासत नाही. आणि त्याच बाईने माशांचं विरजण मात्र नळाखाली वाहून दिलं होतं.

दोन महिन्यांनी आम्ही नवा, वीस गॅलनचा टँक आणला. या वेळी मी नीट वाचून, आधी टँक महिनाभर तयार करून मगच मासे सोडले. सात निऑन टेट्रा, तळाशी मिशा हलवत फिरणारे तीन कोरिडोरास आणि एक मधाच्या रंगाची गुरामी. लाकडाच्या ओंडक्याला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न. मी लग्नाआधी साताऱ्यात सहा वर्षं शाळेत मराठी शिकवलं. इथे आल्यावर व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, नंतर मनू झाली. वर्ग असा उरला नव्हता. खरं सांगायचं तर त्या टँकपुढे बसून मनूला समजावताना मला पुन्हा शिकवल्यासारखं वाटायचं. पाचवीत आमची सहल मुंबईला गेली होती, तेव्हा तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मी इतका वेळ उभी राहिले की बाईंनी दंडाला धरून ओढलं होतं. मनूला ही गोष्ट फार आवडते. विशेषतः ओढण्याचा भाग.

आता नवऱ्याला नॉर्थ कॅरोलिनात नोकरी मिळाली होती आणि आम्ही केरीला निघालो होतो. एडिसनपासून जवळजवळ ४८० मैल, गाडीने आठ तास, वाहतूक आडवी आली तर देव जाणे किती. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, "मासे दुकानाला परत देऊ, तिथे गेल्यावर नवे घेऊ. सगळे मिळून साठ-सत्तर डॉलरचे मासे." हिशेब त्याचा बरोबर होता. एका शेजाऱ्याने सुचवलं की जवळच्या तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल. पुण्य कसलं! उष्ण प्रदेशातले हे मासे न्यू जर्सीच्या हिवाळ्यात टिकत नाहीत. आणि जे टिकतं ते तळ्याला छळतं. हायड्रिला नावाचं पाणवनस्पतीचं तण १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातूनच फ्लोरिडात आलं आणि आज नॉर्थ कॅरोलिनातल्या तलावांतही त्याच्याशी झगडावं लागतं. टँकमधलं काहीही, पानाचा तुकडासुद्धा, उघड्या पाण्यात टाकायचा नाही.

मी म्हटलं, मासे आपल्याबरोबर येतील. नवरा माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे, पण त्यांच्यासाठी हॉटेल बुक करायला सांगू नकोस."

निघायच्या दोन दिवस आधी मी मनूला सांगितलं की आजपासून माशांना खाऊ बंद. पोट रिकामं असलं की प्रवासात ते पाणी कमी घाण करतात. निरोगी मासे दोन दिवस उपाशी सहज राहतात. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी हे ऐकलं आणि हात जोडले, "अगं, मुक्या जिवांना उपास कसले घडवतेस?" मी म्हटलं, "आई, एकादशी समजा." त्या हसल्या. मनू हसली नाही.

रात्री झोपताना ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मागच्या वेळी मी त्यांना खाऊ घातला होता. जायच्या दिवशी सकाळी. तू नको म्हणाली होतीस, तरी मी घातला. खूप घातला, कारण मला वाटलं त्यांना प्रवासात भूक लागेल. म्हणून मेले ना ते?"

मी अंथरुणात उठून बसले. दोन वर्षं या पोरीने हे एकटीने सांभाळलं होतं. मी 'आजारी होते' म्हटलं तेव्हा तिने मनात पुढचं वाक्य स्वतःच घातलं होतं, की माझ्यामुळे आजारी पडले.

"नाही मनू," मी म्हटलं, "ते माझ्यामुळे मेले." मग मी तिला सगळं सांगितलं, स्पंज, खडे, गरम पाणी, चमकणारा टँक, आणि हेही की मला हे आठवड्याभरातच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "का नाही सांगितलं?" वर्गात मुलांना चुका कबूल करायला शिकवलेल्या बाईकडे या प्रश्नाचं बरं उत्तर नव्हतं. "लाज वाटली," मी म्हटलं. ती बराच वेळ गप्प राहिली. तिला राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. शेवटी म्हणाली, "या वेळी स्पंज मी घेणार. तू हात नाही लावायचास."

ठरलं. पुढची सगळी तयारी तिच्या देखरेखीखाली झाली.

निघायच्या सकाळी चार वाजता उठलो. सगळ्यांत आधी हीटरचं बटण बंद केलं आणि अर्धा तास तो पाण्यातच गार होऊ दिला, कारण गरम हीटर एकदम हवेत काढला तर तडकतो. मग झाडं काढली. अनुबियास आणि जावा फर्नला प्रवासात पाण्यात बुडवून ठेवायची गरज नसते, ओलावा पुरतो. लाकडासकट त्यांना ओल्या कागदी टॉवेलांत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, अगदी कोथिंबिरीची जुडी ठेवतो तसं. लाकूड निघाल्यावर माशांना लपायला जागा उरली नाही. मग नळीने पाणी खाली उतरवलं आणि ते हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या झाकणाच्या कोऱ्या बादल्यांत भरलं. कोऱ्या अशासाठी की साबण लागलेली बादली कितीही धुतली तरी भरवसा नाही. पाणी चार-पाच इंच उरल्यावर जाळीत मासे सहज आले. भरल्या टँकमध्ये जाळी घेऊन मागे धावलं असतं तर ते आणि आम्ही दोघंही दमलो असतो.

मासे विकणाऱ्या दुकानातून जाड पिशव्या मागून आणल्या होत्या. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा. माशाला जास्त पाणी हवं असं आपल्याला वाटतं, पण बंद पिशवीत आधी संपतो तो प्राणवायू. गुरामी तर वर येऊन थेट हवाच तोंडात घेते, तिला वरची मोकळी जागा हवीच. प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी घालून बांधली, म्हणजे कोपऱ्यात मासा अडकत नाही. या पिशव्या सहलीला नेतो त्या झाकणाच्या कूलरमध्ये, बर्फाशिवाय, टॉवेलांच्या आधाराने उभ्या केल्या. कूलरमुळे पाणी एकदम तापत किंवा गार होत नाही आणि अंधारात मासे शांत राहतात. कोरिडोरासच्या पंखांना काटे असतात, त्यांनी पिशवी फाटू शकते. म्हणून त्यांची रवानगी झाकणाला भोक पाडलेल्या बादलीत झाली. त्याच बादलीत सेलवर चालणाऱ्या पंपाची नळी सोडली आणि मनूने स्वतःच्या हाताने स्पंज ठेवला. हे जिवाणूही श्वास घेतात, बंद डब्यात कोंडले तर काही तासांत मरायला लागतात.

आता रिकामी काच. वीस गॅलन पाण्याचं वजन सुमारे ७५ किलो होतं, त्यामुळे भरलेला टँक उचलायचा प्रश्नच नव्हता. पण थोडं पाणी किंवा खडे राहू देण्याचा मोह होतो. तोही टाळला, कारण उचलताना तळाच्या काचेवर आणि जोडांवर ताण येतो. खडे थोड्या जुन्या पाण्यासकट वेगळ्या बादलीत घेतले. काच आम्ही ट्रकमध्ये दिली नाही, आमच्याच व्हॅनमध्ये गादीवर ठेवली, म्हणजे पोचल्या पोचल्या हाताशी असेल. मासे मधल्या सीटवर, एसीत. डिकी जूनमध्ये भट्टी होते. आणि माझ्या पायाशी, डब्यात डबा घालून, दह्याचं विरजण.

सहा वाजता निघालो. डेलावेअर, बाल्टिमोर, वॉशिंग्टन व्यवस्थित मागे पडले. व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या. बाहेर नव्वदच्या वर तापमान. वीस मिनिटांनी मनू म्हणाली, "आई, आवाज थांबला." पंपाचे सेल संपले होते. जादा सेल मी आठवणीने घेतले होते आणि तितक्याच आठवणीने 'इलेक्ट्रिक सामान' असं लिहिलेल्या खोक्यात भरले होते. ते खोकं ट्रकमध्ये होतं.

माझा जीव कासावीस झाला. बादलीत तीन मासे आणि तो स्पंज, म्हणजे पुढचं सगळंच. पाण्यात हवा मिसळायची तर पाणी हलवायला हवं. प्यायच्या पाण्यासाठी घेतलेला स्टीलचा पेला पुसून मनूच्या हातात दिला. बादलीतलं पाणी पेल्यात घ्यायचं, वीतभर उंचीवरून परत सोडायचं, हळू, माशांच्या अंगावर नको. "किती वेळा?" तिने विचारलं. "शंभर वेळा कर, मग मी करते."

ती मोजायला लागली आणि मराठीत मोजायला लागली. रविवारच्या मराठी शाळेत पन्नासपुढे तिची गाडी नेहमी घसरते. एकोणसाठला अडखळली, मी सांगितलं. एकोणसत्तर तिने स्वतः काढला. एकोणऐंशीला नवरा पुढून चुकीचं ओरडला, तिने त्याला दुरुस्त केलं. शंभर झाल्यावर पेला माझ्या हातात दिला नाही, पुन्हा एकपासून सुरुवात केली. पाऊण तास आमची व्हॅन इंचाइंचाने सरकत होती आणि मागे पाण्याची धार आणि आकडे चालू होते. पुढच्या एक्झिटला सेल मिळाले. पंप पुन्हा गुरगुरायला लागला तेव्हा तिचा शर्ट कोपरापर्यंत भिजला होता.

केरीला पोचायला साडेपाच झाले. नव्या घरात ना खुर्ची ना दिवा, पण पहिलं काम टँकचंच. ऊन येणाऱ्या खिडकीपासून लांब, सपाट जागी स्टँड ठेवला, पाणपातळी लावून बघितली. आधी खडे, मग लाकूड आणि झाडं, मग बरोबर आणलेलं जुनं पाणी. ते निम्म्याला पुरलं. बाकी नळाचं. इथल्या पाण्यात क्लोरामाइन असतं. क्लोरीनसारखं ते रात्रभर बादली उघडी ठेवून उडून जात नाही, त्यावर चालणारं औषध घालावंच लागतं. स्पंज मनूने फिल्टरमध्ये बसवला, फिल्टर सुरू केला. हीटर पाण्यात अर्धा तास तसाच ठेवून मग चालू केला.

तापमान जुळल्यावर पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या. मग तोंड उघडून थोडं थोडं टँकचं पाणी आत घातलं, पण यात फार वेळ दवडला नाही. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे अमोनिया कमी बाधतो. पिशवी उघडली की वायू उडतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून लवकर जाळीने मासे काढून टँकमध्ये सोडले आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. दिवा लावला नाही, खाऊ दिला नाही. सातही निऑन कोपऱ्यात गोळा होऊन फिकट पडले होते. गुरामी पानाखाली जाऊन बसली. त्या रात्री आम्ही जमिनीवर चादरी टाकून टँकसमोरच झोपलो. झोपायच्या आधी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या दुधाला विरजण लावलं. सकाळी दही लागलं होतं आणि निऑनच्या अंगावर निळी रेघ परत आली होती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासला तर नळीतला रंग किंचित हिरवट आला, म्हणजे थोडा चढला होता. पाव टँक पाणी बदललं. आठवडाभर रोज तपासलं, गरज पडली तेव्हा बदललं, खाऊ चिमटीच्या चिमटीने दिला. सहाव्या दिवसापासून रंग पिवळा राहिला. पण त्याआधी, चौथ्या दिवशी सकाळी एक निऑन तळाशी आडवा पडलेला मिळाला.

मनूने तो जाळीत घेतला. मी वाट बघत होते. "या वेळी कोणामुळे?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "प्रवासाचा ताण असेल. अमोनिया असेल. पाणी मी संध्याकाळऐवजी सकाळी बदललं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता."

तिने मान डोलावली. आम्ही त्याला मागच्या अंगणात मेपलच्या झाडाखाली पुरलं. ती रडली, थोडी मीही. पण संध्याकाळी ती उरलेल्यांना स्वतःहून खाऊ घालायला गेली. दोन वर्षांत ती स्वतःहून कधी खाऊ घालत नसे, दर वेळी मला "तू घाल" म्हणायची. मला वाटायचं आळस आहे.

आता ऑक्टोबर आहे. सहा निऑन, तीन कोरिडोरास आणि गुरामी मजेत आहेत. अनुबियासला तीन नवी पानं आली आहेत. नवऱ्याला आकाशकंदील टँकच्या वरच टांगायचा होता, मनूने परवानगी नाकारली, माशांना रात्री अंधार लागतो म्हणून. उदबत्तीही देवघरापुरतीच.

गेल्या शनिवारी तिची नव्या शाळेतली मैत्रीण घरी आली होती. तिच्याकडे गोल्डफिश आहे. मनूने अनुबियासच्या आडव्या खोडाचा चार पानं असलेला तुकडा कापला, ओल्या कागदात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. दारापर्यंत पोचवायला गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात ताक करत होते. तिचं इंग्रजी इतकं भराभर की मला सगळं नीट ऐकू आलं नाही. पण "स्पंज", "हॉट वॉटर" आणि "माय मॉम" हे शब्द मात्र स्पष्ट आले.